लॅमिनेटवर बसलेला घट

आष्ट्यात कुणालाही मेजरांचं घर विचारा, तो हातातलं काम टाकून तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. आता हे मेजर म्हणजे काही खरेखुरे मेजर नव्हेत. आकाराम ढवळे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आमच्या सातारा-सांगलीकडं फौजेतून पेन्शनीवर आलेला प्रत्येक गडी मेजरच असतो, गाव त्याला दुसरा हुद्दा देतच नाही. आकारामांनी सुरुवातीला एकदोघांना खरं काय ते समजावून सांगितलं, मग नाद सोडला.

माणूस घरी आला खरा, पण फौज काही त्याच्यातून बाहेर आली नाही. उसाच्या सऱ्या दोरी लावून सरळ पाहिजेत. अंथरुणाच्या घड्या काटकोनात पाहिजेत. चपला उंबऱ्याबाहेर जोडीनं पाहिजेत. शेजाऱ्यानं म्हैस जरा वाकडी बांधली तरी ह्यांचं डोकं उठायचं. घरात दिवसभर ऑर्डरी सुटत असायच्या. त्यांच्या बायकोनं, मनुबाईंनी, त्यातली एकही कधी मोडली नाही, कारण मुळात त्या कधी ऐकतच नसत. मेजर बोलत राहायचे आणि त्या तांदूळ निवडत राहायच्या. असा दोघांचा संसार अगदी उत्तम चालला होता.

दुखणं एकच होतं, मनुबाईंचे गुडघे. मेजर सरहद्दीवर होते तेव्हा सासू-सासरे, म्हशी आणि हळदीचं रान ह्या बाईनं एकटीनं ओढलं. हळद खुरपायची म्हणजे दिवसभर उकिडवं बसून सरकायचं. गुडघ्यांनी तरी किती सोसावं? वाट्या झिजून गेल्या. भिंतीला हात लावल्याशिवाय चालता येईना आणि एकदा खाली बसलं की उठताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. शेवटी मेजर त्यांना मिरजेला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी फोटो बघितले आणि सांगितलं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. वर हेही सांगितलं, की घरात ती गुळगुळीत, गारढोण फरशी असेल तर आधी तिचं काही तरी करा. ऑपरेशननंतर पेशंट पडता कामा नये.

परतीच्या एसटीत मनुबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. सांगली मागं पडली. मग म्हणाल्या, "माझं गुडघं हायत, माझं मी वागवीन. कापाकापी नगं."

मेजरांच्या डोक्यात मात्र फरशी शिरली होती. ऑपरेशनचं नंतर बघू, डॉक्टरनं सांगितलेलं पहिलं काम तर करून टाकू, असा त्यांचा हिशेब. आणि खरं सांगायचं तर मनातून माणूस हादरला होता. बायको अशी कण्हत भिंत धरून चालते, आपण नुसते उभे राहून बघतो, ह्याची त्यांना भारी लाज वाटायची. हे ते कुणाला बोलून दाखवणं शक्य नव्हतं. म्हणून मग त्यांनी जाफर मुलाणीला फोन लावला.

जाफर आष्ट्याचाच. बाप सुतारकाम करायचा, पोरानं सांगलीत राहून घरातल्या फरश्या, छत, वॉलपेपर असली नवी कामं उचलली. बोलायला मोकळा, आणि मेजरांच्या ऑर्डरी हसून घेणारा. त्यानं सांगितलं, लॅमिनेट टाकू या. थंडीत गार पडत नाही आणि आहे त्या फरशीवरच बसतं, फोडाफोडी नाही.

"लाकूड असतंय का त्यात?" मेजरांनी विचारलं.

"असतंय की. आत दाबून बसवलेला भुसा, त्याच्यावर लाकडाचं चित्र, आन चित्रावर कडक थर."

"चित्र? म्हंजे सोंग आणलंय लाकडाचं."

"सोंग म्हना, पर वहाणा वाजवत नाचला तरी चरा जाणार न्हाई," जाफर म्हणाला. "खरं लाकूड टाकलं तर दर चार वर्सांनी घासाय लागंल, आन तुमी त्या घासणाऱ्याला सुखानं घासू देणार न्हाई."

मग तिघं सांगलीच्या दुकानात गेले. मेजरांनी प्रत्येक नमुन्यावर घराची किल्ली घासून बघितली, बोटानं वाजवून बघितला, उजेडात तिरका धरून बघितला. दुकानदाराचा जीव मेटाकुटीला आला. मेजरांचा डोळा काळपट, चकचकीत मालावर होता. ऑफिसर मेसमध्ये तसली जमीन त्यांनी बघितली होती, अर्थात दारातूनच. इकडं मनुबाई स्टुलावर बसल्या, त्यांनी चप्पल काढली आणि खाली मांडलेल्या फळ्यांवर एकेक करून पाय टेकवला. एक गुळाच्या रंगाची, हाताला जरा खरबरीत लागणारी फळी होती. तिच्यावर त्यांचा पाय थांबला.

"ह्यो बरा हाय," त्या म्हणाल्या. "पायाखालून पळत न्हाई."

"मावशी, बरोबर उचलला बघा," जाफर म्हणाला. "चकाकणारा ओला झाला की घसरतोय."

मेजरांनी मेसमधल्या जमिनीचा विचार मनातल्या मनात सोडून दिला आणि गुळाचा रंग पक्का केला.

खोके घरी आले आणि मधल्या खोलीत नुसतेच पडून राहिले. मेजरांना वाटलं जाफर कामचुकारपणा करतोय. पण फळ्यांना खोलीची हवा लागू द्यावी लागते, नाही तर बसवल्यावर त्या आखडतात नाही तर पसरतात. जुन्या फरशीला कुठं ओल येते का, हे बघायला जाफरनं तिच्यावर प्लॅस्टिक चिकटवून ठेवलं. खाली घाम धरला नाही म्हणताना काम सुरू झालं. आधी फोमचा पातळ थर, त्याच्यावर खटाखट एकमेकीत अडकणाऱ्या फळ्या, सांधे विटांसारखे मागंपुढं. भिंतीच्या कडेला त्यानं बोटभर फट सोडली तेव्हा मेजर भडकलेच. फट म्हणजे त्यांच्या लेखी गबाळेपणा. जाफरनं समजावलं, जमिनीला हवेप्रमाणं हलायला जागा लागते, आणि वरून पट्टी बसली की फट दिसत नाही.

खरी वादावादी झाली ती देव्हाऱ्यापाशी. देव्हारा मधल्या खोलीतच, पूर्वेच्या कोपऱ्यात. जाफर म्हणाला, "मेजर, एवढा कोपरा सोडा. हितं जुनी फरशीच ऱ्हाऊ द्या. समई, तेल, पाणी, ओली फुलं, समदं हितंच सांडणार. ह्यो माल वरनं लय कडक हाय, पर सांध्यातनं पाणी आत गेलं की भुसा फुगतो. आन एकदा फुगला की परत बसत न्हाई."

"रांगंत एकच गडी बिनवर्दीचा उभा करतोस व्हय रं?" मेजर म्हणाले. "ह्या भितीपास्नं त्या भितीपातूर सरळ जायचं. सांडंल ते मी पुसीन."

जाफरनं मनुबाईंकडं बघितलं. मनुबाईंनी, आता काय बोलून उपयोग, अशी मान हलवली. कोपरा झाकला गेला.

जमीन मात्र देखणी झाली, खोटं कशाला बोला. गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि कडेकडेनं चालून गेल्या. मेजरांनी खुर्च्यांच्या, पलंगाच्या पायांना खालून जाडं कापड चिकटवलं. बादलीनं पुसायला बंदी घातली. फडकं पिळून पिळून असं कोरडं करायचे की त्यातून थेंब गळता कामा नये, आणि मग स्वतः पुसायचे. मनुबाई पलंगावर बसून बघायच्या. एकदा त्यांनी कराडला दिलेल्या लेकीला, संयोगिताला, फोनवर सांगितलं, "पायाला लय बरं वाटतंय गं. सकाळचं उठलं की पाय गोठत न्हाईत. पर ह्यांना सांगू नगं, डोक्यावर बसतील."

मेजर दाराआड होते. त्यांनी ते ऐकलं आणि दिवसभर कुणावर ओरडले नाहीत.

जमीन झाली, आता मिरज. मेजरांनी विषय काढला की मनुबाई टाळायच्या. पाऊस होऊ दे, ऊस लागणीचं बघा, गौरी होऊ दे. लेकीनं कराडहून येऊन समजावलं, उपयोग शून्य. बाई घाबरली होती. ऑपरेशनच्या टेबलावरून आपण उठणारच नाही असं तिच्या मनानं घेतलं होतं. शेवटी मेजर फारच मागं लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता घट बसत्यात. घट कसा उगवतोय बघू. भरघोस उगवला तर देवीचा कौल समजून जाती. न्हाई उगवला तर पुन्यांदा मिरजंचं नाव काढायचं न्हाई."

मेजरांचा असल्या कौलांवर काडीचा विश्वास नव्हता. पण बायकोचा शब्द त्यांना ठाऊक होता. ती नाही म्हणाली तर मग नाहीच, जन्मभर ते गुडघे तसेच. म्हणून ते म्हणाले, "ठरलं."

घटस्थापनेच्या आधी घर धुऊन काढायचं असतं. बादलीच्या बंदीवर मनुबाईंनी बरीच कुरकुर केली, मेजरांनी तीनदा पिळलेल्या फडक्यानं जमीन पुसली, बाईंनी वरून गोमूत्र शिंपडलं आणि तंटा मिटला. रानातली काळी माती चाळून आणली. परातीत घट बसवा असं मेजरांनी सुचवून बघितलं. मनुबाईंनी त्यांच्याकडं असं काही बघितलं की परात परत मांडणीवर गेली. ह्या घरात घट देव्हाऱ्यापुढं भुईवरच बसायचा, पत्रावळीवर माती पसरून. मग मेजरांनी खताच्या पोत्यातला प्लॅस्टिकचा जाड कागद आणून पत्रावळीखाली अंथरला, तेवढी सवलत मिळाली. मातीत गहू, हरभरा, जोंधळा असं धान्य पेरलं, मधोमध मातीचा घट ठेवला, वर पहिली माळ चढली. आता दसऱ्याला घट उठेपर्यंत त्याला जागचं हलवायचं नाही.

दुसऱ्या माळेला मेजरांच्या लक्षात आलं, की मनुबाई घटाला पाणी घालतात ते देवपूजेच्या पळीनं. एक पळी, फार तर दोन. आणि घालून झालं की पदरानं कागदाची कडा टिपून घेतात.

"आगं, एवढ्याशानं काय हुतंय? तांब्यानं घाल की."

"तुमची भुई फुगंल."

"फुगू दे."

"कशाला? एवढी हौसंनं केलीया तुमी. देवीच्या मनात असंल तर थेंबावर बी उगवंल," मनुबाई म्हणाल्या आणि पळी तांब्यात ठेवून दिली.

तिसरी माळ झाली तरी माती बोडकीच. चौथीला कुठं तरी दोन-तीन पांढुरके कोंब, तेही मान टाकलेले. मनुबाई घटापुढं हात जोडून बसायच्या आणि उठताना मेजरांनी हात दिला की त्यांच्या तोंडाकडं न बघता म्हणायच्या, "बगा, कौल काय दिसत न्हाई." मग हळूहळू मेजरांच्या ध्यानात आलं. ही बाई आपली भुई वाचवतेय हे खरं, पण त्याच पळीनं ती मिरजही चुकवतेय. पाणीच घातलं नाही तर घट उगवणार कशाला? जन्म शेतात गेला तिचा, तिला हे कुणी शिकवायला पाहिजे होय? मेजरांना आधी रागच आला. मग तो राग असा विरघळून गेला की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. किती घाबरली असेल बिचारी, की देवीलाच उपाशी ठेवायला निघाली.

नवरात्रात मनुबाई पहाटेच्या आरतीला शेजारणीच्या आधारानं देवीच्या देवळात जायच्या. पाचव्या माळेला त्या उंबरा ओलांडून गेल्या तसे मेजर उठले. आंघोळ केली, धूतवस्त्र नेसले आणि तांब्या भरून घटाला घातला. माती अशी तहानलेली की सगळं पाणी गपकन पिऊन गेली. मेजर तिथंच बसले आणि मातीला अगदी हळू आवाजात म्हणाले, "चल, ऊठ." फौजेतल्या पोरांना म्हणायचे तसंच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तांब्या. मातीतून हिरवी टोकं डोकावायला लागली. मेजरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी अर्धा तांब्या जादा घातला, आणि तिथंच घोळ झाला. पाणी पत्रावळीतून उतरलं, कागदाच्या दुमडीत साठलं आणि कडेनं खाली झिरपलं. मेजरांनी झडप घालून पुसलं. वरचं पुसलं गेलं. सातव्या माळेला त्यांनी कागदाच्या कडेशी बोट फिरवलं तर दोन फळ्यांचा सांधा उचललेला लागला. नख अडकेल एवढाच, पण लागला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावर थांबायचं की. कोंब आले होते, पळीभर पाण्यावर तगले असते. मेजरांनीही तसा विचार केला. ज्या जमिनीवर पाहुण्याला पायातले मोजेसुद्धा झटकून यायला लावलं, ती डोळ्यांदेखत फुगत होती, आणि घट हलवायची सोय नव्हती. त्यांनी एकदा त्या सांध्याकडं बघितलं, एकदा कोंबांकडं. कोंब होते, पण भरघोस नव्हते. आणि बाई भरघोस म्हणाली होती. मेजरांनी तांब्या उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. त्यानंतर दसऱ्यापर्यंत एक सकाळ चुकवली नाही. सांधा रोज जरा जरा वर येत गेला. ते त्याच्यावर फुलांची टोपली ठेवून द्यायचे.

दसऱ्याला घट उठवायची वेळ आली तेव्हा धान वीतभर उंच, गच्च, पिवळंहिरवं उभं होतं. शेजारीण म्हणाली, असा घट औंदा गल्लीत कुणाचा उगवला नाही. मनुबाई काही बोलल्या नाहीत. शेजारीण सोनं वाटायला पुढं गेली. मग त्यांनी भिंतीला धरून टोपली बाजूला सारली, घट उचलला, पत्रावळ उचलली, कागद उचलला. खाली चार फळ्या कडा वर करून बसल्या होत्या. गुळाचा रंग जाऊन पांढुरका भुसा दिसत होता.

मेजर घसा खाकरून म्हणाले, "त्या जाफरनं माल हलका घातला वाटतं."

"जाफरला नावं ठिवू नगा," मनुबाई म्हणाल्या. "पळीभर पाण्यानं भुई अशी हुती व्हय?"

मेजर ताठ उभे राहिले. हात बाजूला, नजर समोर. साहेबापुढं चूक सापडलेल्या जवानाला जसं उभं राहायचं शिकवलेलं असतं, तसेच.

मनुबाई खाली बसल्या. बसताना कण्हल्या. फुगलेल्या फळीवरून त्यांनी तळहात फिरवला. "मी मुद्दाम कमी घालत हुती," त्या म्हणाल्या. "म्हनलं, उगवलंच न्हाई की सुटली. आन तुमी हिकडं तांब्यानं घालताय. मला पाचव्या माळंलाच कळलं. देवळातनं आली तर समदी माती काळीभोर."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? रोज म्हनायची, आज भुई फुगलेली बगतील आन हात आवरतील. तुमचा जीव हाय ह्या भुईत." त्यांचा आवाज जरा हलला. "आवं, लगीन होऊन आली तवापास्नं ह्या घरात घटाला पाणी मीच घातलंय. तुमी बर्फात हुता, तुमची चिट्ठी येत न्हवती, तवा एकेक कोंब बगून जीव धरून ऱ्हायची मी. समदी वर्सं तुमच्यासाठनं घातलं. माझ्यासाठनं कुणी घटाला पाणी घातलं न्हवतं कवा."

मेजरांनी उगाच डोक्यावरची टोपी सरळ केली.

मनुबाईंनी धानाचा एक तुरा खुडला, हात वर केला आणि मेजरांना खाली वाकायला लावून त्यांच्या टोपीत खोवला. मग म्हणाल्या, "लावा फोन मिरजंला. कवा या म्हनत्यात इचारा."

मेजरांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला. डोळे भरून आले होते, आकडे दिसेनात. त्यांनी दोनदा प्रयत्न केला.

"तूच लाव," ते म्हणाले, आणि फोन त्यांनी तिच्या हातात दिला.

मनुबाईंनी लावला.